केसपेपरवर नसलेला प्रश्न

“तंबाखू?”

“नाही.”

“विडी, सिगारेट?”

“नाही.”

“खर्रा?”

“नाही ना सिस्टर, आपण खर्रा नाही खात.”

“दारू?”

“नाही.”

बीएससी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीने चारही चौकोनांत फुल्या मारल्या, खाली ‘व्यसन नाही’ असं लिहिलं आणि ती नाडी मोजायला लागली. पोरगा एकोणीस वर्षांचा. तीन दिवसांपासून ताप, उलट्या, कोरडा खोकला. एक वाक्य बोलताना मध्ये दोनदा थांबत होता. त्याच्या शर्टाच्या खिशातून हायलायटरसारखं काहीतरी डोकावत होतं आणि पलंगाभोवती स्ट्रॉबेरीचा गोडसर वास होता. वास तिला आला होता. नंतर तिनेच सांगितलं, “मॅडम, मला वाटलं कोणीतरी सेंट मारून आलं असेल.”

पोरगा आजारी नव्हता. हौशी नाटकांत काम करणारा एक मुलगा होता. खिशातली वस्तू खरोखरच हायलायटर होती, तिच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. वास म्हणजे केकमध्ये घालतात त्या इसेन्सचे दोन थेंब, कापसावर. कपाळावरचा घाम म्हणजे ग्लिसरीन आणि पाणी, स्प्रेच्या बाटलीतून. आणि वॉर्ड म्हणजे आमच्या कॉलेजची स्किल लॅब. नागपूरच्या मे महिन्यात तिथे एसी चालतो, त्यामुळे त्या दिवसांत सगळ्या वर्गाला प्रॅक्टिसची अचानक ओढ लागते.

मी नर्सिंग शिकवते. वेप, म्हणजे ई-सिगारेट, हे नेमकं काय, आणि ते शिकवायला आम्ही असं लुटुपुटूचं हॉस्पिटल का मांडतो, हे इथे सांगायचं आहे.

आमच्या मुलामुलींना तंबाखू वेगळा शिकवावा लागत नाही. विदर्भात वाढलेल्या माणसाला खर्रा कसा घोटतात ते पाहून पाहून पाठ असतं: सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकची पन्नी आणि पानठेल्यावरचा तो घासल्याचा आवाज. पेशंटला तोंड उघडायला लावून तीन बोटं उभी आत जातात का हे बघायलाही ती लवकर शिकतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, आणि त्यांत ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारे कितीतरी जास्त होते. त्यामुळे आपले केसपेपर, आपले प्रश्न आणि आपली नजर तोंडावर बेतलेली आहे. दात, गाल, जीभ. वेपची खूण तिथे सापडत नाही. बोटं पिवळी पडत नाहीत, थुंकावं लागत नाही, राख पडत नाही, शर्टाला धुराचा वास राहत नाही. आई कपडे धुवायला घेते तेव्हा तिला काही कळत नाही.

उपकरण तसं साधं. एक छोटी लिथियम बॅटरी, तारेची एक बारीक गुंडाळी, तिला लागून कापूस, आणि कापूस भिजत राहील असा द्रव. त्या द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाचं रसायन आणि बहुतेक वेळा निकोटिन असतं. तोंडाने ओढलं की बॅटरी चालू होते, तार तापते, कापसातला द्रव उडतो आणि हवेत येताच त्याचे अगदी बारीक थेंब होतात. लोक त्याला वाफ म्हणतात. चहाच्या पातेल्यावरची वाफ आणि हे यांत फरक आहे: इथे हवेत तरंगणारे थेंब असतात, आणि त्या थेंबांत मूळ द्रवातलं सगळं असतं, शिवाय तापलेल्या तारेतले निकेल, क्रोमियमसारख्या धातूंचे अंश आणि द्रव जास्त तापला तर फॉर्मल्डिहाइडसुद्धा.

वर्गात मी हे नेब्युलायझरवरून समजावते. दम्याच्या पेशंटला नेब्युलायझर का लावतो? औषधाचे थेंब इतके बारीक करायचे की ते घशात न अडकता फुप्फुसाच्या तळापर्यंत जावेत. वेपही थेंब तळापर्यंत पोहोचवतो, फक्त तापवून. दम्याचं औषध आत जाण्याआधी डॉक्टरने लिहिलेलं असतं, मात्रा ठरलेली असते. इथे बाटलीवर आंब्याचं चित्र असतं.

“पण मॅडम, ते फ्लेवर खाण्याचेच असतात ना? आइस्क्रीममध्ये घालतात तेच?” हा प्रश्न दर बॅचमध्ये येतो, आणि तो चांगला प्रश्न आहे. त्यावर मी त्यांना प्रसूतीच्या वॉर्डात नेते, म्हणजे मनाने. बाळंतिणीला आपण काय बजावतो? बाळाच्या नाकात तेल घालू नका. आजी रागावते, तिने पाच लेकरांच्या नाकात तेल घातलेलं असतं. पण पोटात गेलेलं तेल पचतं आणि फुप्फुसात गेलेल्या तेलाने न्यूमोनिया होतो. पोट आणि फुप्फुस ही दोन वेगळी घरं आहेत. एका घरचा पाहुणा दुसऱ्या घरी चोर ठरू शकतो.

अमेरिकेत २०१९ च्या उन्हाळ्यात नेमकं हेच झालं. धडधाकट तरुण पोरं दम लागून हॉस्पिटलात येऊ लागली. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसं धूसर, अँटिबायोटिकचा उपयोग नाही, जंतू सापडत नाही. समान धागा एकच, सगळे वेप करणारे. या आजाराला ईव्हाली असं आद्याक्षरी नाव पडलं, अर्थ एवढाच की वेपमुळे फुप्फुसाला झालेली इजा. १८ फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथे २,८०७ रुग्ण दाखल झाल्याची किंवा दगावल्याची नोंद झाली, त्यांत ६८ मृत्यू. बहुतेकांनी गांजातल्या नशेच्या घटकाचं तेल भरलेल्या, इकडून तिकडून मिळवलेल्या कार्ट्रिज वापरल्या होत्या. त्या तेलात भेसळ म्हणून व्हिटॅमिन ई ॲसिटेट होतं. ५१ रुग्णांच्या फुप्फुसातला द्रव तपासला तेव्हा ४८ जणांत ते सापडलं. कॅप्सूलमध्ये आणि त्वचेच्या क्रीममध्ये सर्रास वापरलं जाणारं हे रसायन. गिळलं तर काही नाही, चोळलं तर काही नाही, ओढलं तर व्हेंटिलेटर.

त्या रुग्णांमधली एक गोष्ट मी मुलांकडून घोकून घेते: बऱ्याच जणांना खोकल्याबरोबर मळमळ, उलट्या, जुलाब, पोटदुखी होती. आपल्याकडे असा पोरगा आला तर त्याला सलाईन लागेल, फार तर डेंग्यूची तपासणी होईल. फुप्फुसाकडे लक्ष जायला सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, घसरावं लागेल.

आता निकोटिन. सिगारेटचा धूर घशाला बोचतो, म्हणून नवशिका खोकतो आणि पुष्कळदा तिथेच सोडतो. निसर्गाने बसवलेलं ते फाटक आहे. २०१५ मध्ये अमेरिकेत जूल नावाची ई-सिगारेट आली आणि तिने निकोटिनचा क्षार वापरला. निकोटिनमध्ये बेन्झोइक आम्ल मिसळलं की त्याचा तिखटपणा कमी होतो आणि जास्त निकोटिन असूनही घसा तक्रार करत नाही. फाटकच काढून टाकलं म्हणा ना. सुरुवातीच्या त्या एका छोट्या पॉडमध्ये, म्हणजे द्रव भरलेल्या डबीत, साधारण वीस सिगारेटच्या पाकिटाएवढं निकोटिन असतं, असं कंपनीच सांगायची. निकोटिन ओढल्यावर काही सेकंदांत मेंदूत पोहोचतं, नाडी आणि रक्तदाब वाढवतं, आणि मेंदूची घडण साधारण पंचविशीपर्यंत चालू असल्यामुळे पंधरा-सोळाच्या वयात लागलेली सवय घट्ट बसते.

इथे आमच्या जुन्या प्रश्नांची आणखी एक अडचण होते. सिगारेट ओढणाऱ्याला आपण विचारतो, दिवसाला किती? रोजची पाकिटं गुणिले वर्षं, असा हिशेब आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. वेप करणाऱ्याला ‘किती’ विचारलं तर तो खरंच गोंधळतो. सिगारेट संपते, विझते, थोटूक टाकावं लागतं. वेपला शेवट नसतो. पोरगा अभ्यास करता करता, पांघरुणात, बाथरूममध्ये दोन-दोन झुरके दिवसभर घेत राहतो. मग विचारायचं काय? एक पॉड किती दिवस जातो? सकाळी उठल्यावर किती वेळाने पहिला झुरका? रात्री झोपेतून उठून घेतोस का? चार्जिंग संपलं तर चिडचिड होते का? उठल्यावर पाच मिनिटांत हात तिकडे जात असेल तर उरलेला हिशेब करायची फारशी गरज नाही.

कायद्याचंही सांगून टाकते, कारण पालक हमखास म्हणतात, “आपल्याकडे तर बंदी आहे ना?” आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, वाटणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळ्याला बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बंदीमुळे एक विचित्र गोष्ट होते. पेशंट आणखी गप्प होतो. खर्रा खाणारा निदान खजील होऊन कबूल करतो. वेपवाल्याला वाटतं, सिस्टरला सांगितलं तर ती पोलिसांना सांगेल. आमच्या हायलायटरचं कारणही हेच. खरं उपकरण आणून मुलांना दाखवावं असं एका सहकाऱ्याच्या मनात होतं. एक वस्तू ठेवली तर तो साठा होतो का, हा वाद वकिलांनी घालावा. आम्ही चिकटपट्टी आणली.

हे सगळं मी पूर्वी स्लाइडवर शिकवायचे. दोन वर्षं शिकवलं. मुलांनी उतरवून घेतलं, परीक्षेत ईव्हालीची व्याख्या सुरेख लिहिली, मी मार्क दिले. मग त्याच मुलांना त्या पोराच्या पलंगाशी उभं केलं आणि पहिल्या दिवशीच्या सहा जणांपैकी एकानेही वेपबद्दल विचारलं नाही. सहाच्या सहा जणांना उत्तर माहीत होतं. प्रश्न कोणाच्या तोंडातून निघाला नाही.

अशा लुटुपुटूच्या सरावाला सिम्युलेशन म्हणतात. हा शब्द ऐकला की लोकांना महागडी यंत्रं आठवतात. नर्सिंगमध्ये त्याची सुरुवात एका बाहुलीने झाली. १९११ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या नर्सिंग शाळेने बाहुल्या बनवणाऱ्या मार्था चेस यांच्याकडून माणसाच्या मापाची बाहुली करवून घेतली. पेशंटला कुशीवर कसं वळवायचं, कपडे कसे बदलायचे हे मुली तिच्यावर शिकायच्या, आणि तिला ‘मिसेस चेस’ म्हणायच्या. १९६० मध्ये नॉर्वेत छाती दाबायच्या सरावासाठी रेसुसी ॲन आली. ती आज जवळपास प्रत्येक कॉलेजात आहे, कुठे तिचा एक हात निखळलेला असतो. आणि १९६३ मध्ये हॉवर्ड बॅरोज नावाच्या डॉक्टरने कॅलिफोर्नियात वेगळाच विचार केला: बाहुली कशाला, धडधाकट माणसालाच पेशंटचं सोंग शिकवू. वेपसाठी आम्हाला उपयोगी पडते ती ही तिसरी रीत, कारण बाहुली खोटं बोलत नाही.

सरावाचं हे शिक्षण खऱ्या वॉर्डाच्या जागी चालतं का, अशी शंका जुन्या सिस्टरांना येते, आणि ती रास्त आहे. अमेरिकेत नर्सिंग परवाने देणाऱ्या मंडळांच्या संस्थेने २०१४ मध्ये मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. वॉर्डातल्या तासांपैकी निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनला दिले तरी विद्यार्थी मागे पडले नाहीत. मात्र शिकवणारे त्या पद्धतीत तयार झालेले होते आणि प्रत्येक प्रसंगानंतर नीट चर्चा होत होती. ती अट गाळून नुसता निष्कर्ष सांगणाऱ्यांपासून जरा जपून राहावं. आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०२१ मध्ये बीएससीचा अभ्यासक्रम सेमिस्टर पद्धतीने नव्याने आखला, त्यातही सिम्युलेशनला जागा दिली आहे. शिवाय साधी अडचण अशी, की मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी दवाखान्यांच्या वॉर्डात पोस्टिंग असताना आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यासमोर वेप करणारा पेशंट येईलच, तोही तिच्याच ड्यूटीला, असं कोण सांगणार?

आमच्या नटाला आम्ही संवाद पाठ करायला देत नाही. त्याला एक कार्ड देतो. त्यावर त्याची कहाणी असते आणि खाली तीन कुलपं. पहिलं: आई खोलीत असेपर्यंत काही कबूल करायचं नाही. दुसरं: ‘व्यसन’, ‘नशा’, ‘असले धंदे’ यांपैकी एक शब्द जरी आला तर हाताची घडी घालायची आणि पुढे फक्त हो-नाही बोलायचं. तिसरं: नुसत्या ‘स्मोकिंग करतोस का’ला उत्तर नाहीच, कारण त्या पोराच्या लेखी तो स्मोकिंग करतच नाही, आणि हे तो मनापासून म्हणतो. वस्तूचं नाव घेऊन विचारलं तरच उघडायचं.

दुसरं कुलूप सर्वांत जास्त वेळा लागतं. आमची मुलं चांगली आहेत, कष्टाळू आहेत, आणि रागावण्यालाच काळजी समजणाऱ्या घरांतून आलेली आहेत. माझंही घर तसलंच होतं. एका मुलाने खिशातली वस्तू बरोब्बर हेरली आणि लगेच म्हणाला, “हे असलं ओढून राहिला, मग दम लागणारच ना बे!” नटाने हाताची घडी घातली. पुढची नऊ मिनिटं त्या मुलाने सगळे योग्य प्रश्न विचारले आणि त्याला एकाचंही उत्तर मिळालं नाही.

बारा-पंधरा मिनिटांचा प्रसंग संपला की खुर्च्या गोल मांडायच्या आणि त्याच्या दुप्पट वेळ बोलायचं. याला डीब्रीफिंग म्हणतात, आणि माझ्या मते खरं शिक्षण इथे होतं. पलंगापाशी जे झालं तो कच्चा माल. शिक्षकाच्या जिभेवर पहिला प्रश्न येतो, “वेपचं का नाही विचारलंस?” तो गिळायचा. ‘का नाही’ म्हटलं की समोरची फक्त सॉरी म्हणते. मी त्या मुलीला म्हटलं, “नाडी धरायच्या आधी तू क्षणभर थांबलीस आणि खिशाकडे पाहिलंस. तेव्हा मनात काय चाललं होतं?”

ती बराच वेळ ओढणीचं टोक गुंडाळत बसली. मग म्हणाली, “विचारावंसं वाटलं मॅडम. पण कोणत्या शब्दांत विचारू तेच कळेना. त्याची आई बाजूला होती. आणि चुकीचं निघालं असतं तर त्याला वाटलं असतं, ही माझ्यावर आळ घेऊन राहिली.”

मग मला माझ्या दोन वर्षांच्या स्लाइड आठवल्या. त्यांत रसायनं होती, आकडे होते. मराठीत, नागपुरी पोराला, त्याची आई शेजारी असताना हा प्रश्न विचारायचा कसा, ते एका ओळीतही नव्हतं.

तेव्हा आम्ही पांढऱ्या फळ्यावर वाक्यं लिहायला सुरुवात केली. “तू वेपिंग करतोस का?” कोणीतरी म्हणालं, हे पोलिसाने विचारल्यासारखं वाटतं. “तुला ई-सिगारेटचं व्यसन आहे का?” सगळे हसले. “काही लपवू नको, खरं सांग.” यावर तो नटच म्हणाला, असं म्हटलं की मी तर जे नाही तेही लपवेन. शेवटी जमलं ते असं: “आजकाल बरीच पोरं ते फ्लेवरवालं पेन, पॉड ओढतात. तू कधी घेऊन पाहिलंस का?” आणि मग गप्प बसायचं. मनात पाच आकडे मोजायचे. हे पाच आकडे विद्यार्थ्यांना फार जड जातात, तिसऱ्यालाच कोणीतरी बीपीचा पट्टा उचलतं.

दुसऱ्या दिवशी तीच मुलगी पुन्हा आत गेली. आईच्या भूमिकेतल्या आमच्या सहकारी बाईंना म्हणाली, “काकू, तेवढा केसपेपरवर खालून शिक्का मारून आणता का?” सरकारी दवाखान्यात नातेवाइकाला दहा मिनिटं दूर धाडायचा याहून खात्रीचा उपाय अजून निघालेला नाही. आई गेली. मुलीने स्टूल ओढलं, बसली, प्रश्न विचारला आणि थांबली. पोराने दाराकडे पाहिलं.

“आईला सांगाल?”

आदल्या दिवशी यावर आमचा बराच वाद झाला होता. ‘नाही सांगणार, वचन’ म्हणणं सोपं, पण ते पाळता येईलच असं नाही. ती म्हणाली, “डॉक्टरांना सांगावंच लागेल, कारण इलाज त्यावरून ठरतो. आईला कसं आणि कधी सांगायचं ते तू ठरव. तू म्हणशील तर मी सोबत थांबते.”

मग तो बोलला. दोन महिने झाले. मित्राकडून घेतलं. गेल्या आठवड्यात दुसरी कार्ट्रिज मिळाली, तेलकट, वेगळ्या वासाची. तिने विचारलं, तिच्यात गांजाचं काही होतं का? शेवटचं कधी घेतलंस? ईव्हालीच्या व्याख्येत मागचे नव्वद दिवस धरतात, हे तिला पाठ होतंच. पाठांतर वाया गेलं नाही. सॅच्युरेशन एक्क्याण्णव होतं. ऑक्सिजन लावून तिने फोनवर डॉक्टरांना सांगितलं: पेशंट एकोणीस वर्षांचा, तीन दिवस ताप आणि उलट्या, आता दम, दोन महिन्यांपासून वेप, गेल्या आठवड्यात गांजाच्या तेलाची कार्ट्रिज, मला फुप्फुसाची इजा वाटते, तुम्ही आत्ता येऊन बघावं. चार वाक्यांचा निरोप. पलीकडून “येतो” एवढंच आलं. पलीकडे मीच होते, आरशाच्या काचेमागे, आणि मला आवाज जरा घोगरा करावा लागला.

बरा झाल्यावर सोडवायचं कसं, हा भाग आम्ही वेगळ्या तासाला घेतो. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा नंबर १८००-११-२३५६ प्रत्येकाच्या वहीत असतो. नंबर हातात ठेवून निघून जाऊ नका, पेशंटसमोर लावून द्या, एवढं मी सांगते.

दुसरा प्रसंग लहान आहे आणि तो आम्ही बाहुलीवरच करतो. दोन वर्षांचं लेकरू, मोठ्या भावाच्या दप्तरातली गोड वासाची बाटली तोंडाला लावलेलं. मिलीलिटरला वीस मिलिग्रॅम असं बाटलीवर लिहिलेलं असेल तर एका चमच्यात, म्हणजे पाच मिलीत, शंभर मिलिग्रॅम निकोटिन झालं, आणि लेकराचं वजन दहा-अकरा किलो. चोरून आलेल्या बाटलीवरच्या आकड्यावर तरी किती विश्वास ठेवायचा? आधी लाळ, उलटी, घाम, नाडी धावते. मग उलटं चक्र, नाडी मंदावते, अंग लुळं पडतं, झटके येतात, श्वास उथळ होतो. पहिल्या टप्प्यात ‘बाळ चिडचिडं आहे’ म्हणून सोडलं की दुसरा टप्पा अंगावर येतो. मीठपाणी पाजून उलटी करवायची नाही, श्वासाची वाट मोकळी ठेवायची, कातडीवर सांडलेलं असेल तर कपडे काढून धुवायचं, आणि बाटली सोबत आणायला सांगायची. बाटलीचं आई हमखास विसरते, तिला कोणी विचारतही नाही.

या पद्धतीतही खोट आहे. नटाला चहापाणी आणि रिक्षाचं भाडं द्यावं लागतं आणि त्याची तरतूद कुठल्याच रकान्यात बसत नाही. काही विद्यार्थ्यांना सगळ्यांदेखत चुकायची इतकी भीती वाटते की ती घरूनच तब्येतीचं कारण सांगतात. आणि मोठी अडचण मला दुसऱ्या वर्षी कळली. होस्टेलमध्ये सीनियरनी ज्युनियरला सांगून ठेवलं: “पोरगा दमला असेल तर खिशात बघ, पेन आहे. आईला खाली पाठव.” नवी बॅच आत गेली आणि पहिल्याच मिनिटाला वेप, वेप, वेप. शिक्का मारायला आईची रवानगी तर इतक्या घाईने की तिला मुलाचं नाव सांगायलाही वेळ मिळाला नाही.

ईव्हालीचं निदान दुसरं काही नाही हे ठरल्यावर करायचं असतं. आणि विदर्भात ‘दुसरं काही’ची यादी लांब आहे. डेंग्यू आहे, टीबी आहे, पावसाळ्यानंतर स्क्रब टायफस आहे. आणि सिकल सेल आहे, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. सिकल सेलच्या तरुण पेशंटला ताप, छातीत दुखणं, दम आणि घसरतं सॅच्युरेशन, एक्स-रेत पांढरे डाग, हे सगळं फुप्फुसातल्या सिकलच्या झटक्यात होतं आणि त्यात तास वाया गेलेले परवडत नाहीत.

म्हणून या वर्षी आम्ही कार्ड बदललं. तोच नट, तोच घाम, तोच दम. खिशात हायलायटर तसाच, यावेळी खरा, अभ्यासाचा. आत गेलेल्या मुलीने आईला अदबीने खाली धाडलं, स्टूलवर बसली आणि फळ्यावरचं वाक्य अगदी चांगलं म्हटलं. पाच आकडे मोजले. पोरगा म्हणाला, “नाही ताई, खरंच नाही.” आणि ते खरं होतं.

तिने पुन्हा खिशाकडे पाहिलं. काचेमागे आम्ही तिघी श्वास रोखून होतो. मग तिने त्याचे डोळे पाहिले, पापणी खाली ओढून, जराशी पिवळसर दिसावी म्हणून आम्ही सकाळी रंगवलेली. “हातपाय दुखतात का तुझे मधूनमधून? लहानपणी रक्त चढवलं होतं का कधी?” आणि मग दाराकडे वळून तिने हाक मारली, “काकू, शिक्का राहू द्या, आधी इकडे या. तुमच्या घरात कोणाला सिकल आहे का?”